मापात ८०, तराजूवर ५७: ठासणीच्या बंदुकीची दारू मोजायची की तोलायची?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. कंपनीच्या कामानिमित्त ते पेनसिल्व्हेनियात राहून आले. तिथे एका सहकाऱ्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची बंदूक चालवायला शिकले. बंदूक .५० बोअरची, घोड्याखाली केप (आघाताने पेटणारी छोटी टोपी) लावून उडवायची. सहकारी पितळी मापात ८० च्या खुणेपर्यंत पायरोडेक्स (पारंपरिक काळ्या दारूच्या जागी वापरायची तयार दारू) भरायचा आणि नळीत ओतायचा. ह्यांनी कुतूहल म्हणून एकदा तेच माप दागिन्यांच्या डिजिटल तराजूवर रिकामे केले, तर भरले ३.६९ ग्रॅम, म्हणजे ५७ ग्रेन. माप २३ ग्रेनने खोटे आहे असा त्यांनी अर्थ काढला, आणि पुढच्या खेपेला प्रत्येक बार, म्हणजे एका वेळी भरायची दारू, तोलून बरोबर ८० ग्रेनचा भरायचा असा बेत केला. शिवाय कणकवलीकडे त्यांच्या मामांची शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. मामा दारू मोजतात ती कापलेल्या पितळी काडतुसाने. तेही चुकीचेच का, हा जोडप्रश्न.

तुमच्या बेतापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे नंतर वाचले तरी चालेल. तराजूवर ८० दिसेपर्यंत पायरोडेक्स ओतू नका. तुमचे माप खोटे नाही, आणि ५७ भरले हेही बरोबरच आहे. तोलून ८० ग्रेन पायरोडेक्स घेतलेत तर त्याच मापाने ते ११२ च्या आसपास जाईल. म्हणजे सहकारी भरत होता त्याच्या जवळपास १.४ पट बार. काही बंदुका एवढे सहन करतात, काही करत नाहीत. तुमच्या हातातली कुठली ते बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि तिथला आकडा मापाचा असतो, वजनाचा नव्हे.

माझा धंदा तराजूंचा. वागळे इस्टेटमध्ये बसून सराफांचे, औषध कारखान्यांचे, रबाळे-तुर्भ्याच्या केमिकलवाल्यांचे काटे तपासतो आणि दुरुस्त करतो. त्यामुळे मी तराजूची बाजू घेईन अशी लोकांची अपेक्षा असते. ठासणीच्या बंदुकीपुरती मी ती घेत नाही. घेतो तेव्हा कशासाठी, ते खाली येईलच.

गोंधळाचे मूळ आकड्यापुढच्या ‘ग्रेन’ ह्या शब्दात आहे. ग्रेन हे वजनाचे एकक: ७००० ग्रेनचा एक पौंड, एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन. आपल्याकडच्या जुन्या हिशेबात १८० ग्रेनचा तोळा आणि १५ ग्रेनचा मासा. म्हणजे तुमचा ८० चा बार सव्वापाच माशांच्या जरा वर. पण पितळी मापावर ८० कोरलेले असते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच: साधारण दाण्याची खरी काळी दारू भरली तर जितक्या जागेत ८० ग्रेन मावतील, तितकी ही जागा. जागा ठरलेली आहे. तिच्यात काय ओताल त्यावर वजन ठरणार. पायलीने तांदूळ मोजला आणि त्याच पायलीने पोहे मोजले तर पायली दोन्ही वेळा खरीच असते. काट्यावर मात्र दोन वेगळे आकडे दिसतात.

पायरोडेक्स १९७० च्या दशकात आले ते मुळात ह्या मापांसाठीच. लोकांच्या घरी काळ्या दारूची मापे होती, हाताला त्यांची सवय होती. म्हणून नवी दारू अशी बनवली की मापाला माप घातले तर काम साधारण तेवढेच व्हावे. वजनाला ती सुमारे ३० टक्के हलकी. ८० चे सत्तर टक्के ५६, तुमच्या काट्यावर ५७. दोन्ही साधनांनी आपापले काम चोख केले आहे.

सगळ्या पर्यायी दारू अशा सरळ नसतात. ट्रिपल सेव्हन नावाची दारू मापाला माप घातली तर काळ्या दारूपेक्षा जोरकस निघते, म्हणून बनवणारेच १५ टक्के कमी भरायला सांगतात. काळ्या दारूच्या ८० ची बरोबरी करायची तर मापावर ६८. ब्लॅकहॉर्न २०९ चेही माप आणि वजन वेगवेगळे, शिवाय तिला पेटवायला शॉटगनच्या काडतुसातली जोरदार टोपी (प्रायमर) लागते. साध्या केपेने ती नीट पेटत नाही. दारूच्या दाबून बनवलेल्या गोळ्याही मिळतात. त्यांच्या डब्यावरचे ५० म्हणजे काळ्या दारूच्या ५० च्या मापाइतके काम. तराजूवर ती गोळी ५० भरत नाही. ब्लॅकहॉर्नसारख्या एखाद्या दारूसाठी वजनाचे आकडेही छापलेले सापडतील. ते त्याच दारूसाठी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या बंदुकीसाठी. एका डब्यावरचा आकडा दुसऱ्या डब्याला लावायचा नाही.

आणि धूर न करणारी आधुनिक दारू, काडतुसातली, ती ठासणीच्या बंदुकीत घालायचीच नाही. मापून नाही, तोलून नाही, चिमूटभरसुद्धा नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने ती बनवली तेव्हापासून बंदुकांच्या नळ्या, पोलाद, मागचे कुलूप सगळेच बदलावे लागले. तिच्यासाठी मुद्दाम बांधलेली एखाददुसरी ठासणीची बंदूक अमेरिकेत निघाली आहे, पण त्या अपवादाचा आधार घेऊन कोणी सल्ला देत असेल तर त्याच्या शेजारी उभे राहू नका.

आता माप ही पद्धत का टिकली, ते बघू. तोफेच्या काळी लांब दांड्याच्या तांब्याच्या पळीने दारू नळीत सोडत. पळीचा आकार तोफेप्रमाणे ठरलेला. १७ व्या शतकातले युरोपी बंदूकधारी खांद्यावरून पट्टा घेत आणि त्याला लाकडी कुप्या टांगलेल्या असत, एका कुपीत एक बार. पुढे तोफेची दारू कोठारातच तोलून कापडी पिशव्यांत भरून यायला लागली आणि बंदुकीचा बार कागदी काडतुसात. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीचा, ज्या काडतुसांवरून १८५७ चे रान पेटले त्यांचा, बार अडीच ड्रामचा होता, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन. ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. तोलायचे असेल तर ते छपराखाली, आधी, निवांत. मैदानात, वाऱ्यात, हात काळे झालेले असताना माप किंवा आधी भरलेली कुपी. शिपायाच्या हाती तराजू कोणी दिला नाही, आणि त्याने काही बिघडलेही नाही.

बिघडले नाही कारण काळी दारू बऱ्याच अंशी क्षमाशील असते. ती दाण्याच्या पृष्ठभागावरून जळते, आणि ८० ग्रेनमध्ये एक-दीड ग्रेन इकडेतिकडे झाला तर ५० यार्डांवरच्या कागदावर तो फरक तुम्हाला वेगळा काढून दाखवता येणार नाही. त्याहून मोठे फरक दुसरीकडून येतात. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन राख होऊन उरतो, आणि ती राख नळीत बसते. पहिला बार स्वच्छ नळीतून जातो, पाचवा राखेतून घासत जातो. मधे ओलसर चिंधी फिरवलीत का, दरवेळी सारखीच फिरवलीत का, गोळीभोवतीची चिंधी किती जाड, तिला तेल किती, गजाने किती जोर लावून ठासले, ह्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम दीड ग्रेनापेक्षा जास्त असतो. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा खास चकमकीच्या बंदुकीचा मोसम असतो. तिथली जुनी मंडळी थंडीत उभी राहून शिंगाच्या टोकापासून कोरलेल्या मापाने बार भरतात आणि व्यवस्थित निशाणा साधतात. (ती माणसे बहुतेक खरी काळी दारूच वापरतात. पायरोडेक्स पेटायला जास्त उष्णता लागते, आणि चकमकीच्या बंदुकीतल्या रंजकाच्या (बाहेरच्या कानात पेटवायच्या बारीक दारूच्या) ठिणगीवर ते भरवशाने पेटत नाही.)

पण माप वापरणे म्हणजे अंदाजे ओतणे नव्हे. नवशिक्याच्या मापात बाराबारात तीन-चार ग्रेनांचा फरक सहज निघतो, सरावलेल्या हाताचा एका ग्रेनाच्या आत राहतो. माप तेच, दारू तीच, फरक सगळा हाताचा. दारू ठेवायच्या शिंगातून किंवा डब्याच्या तोटीतून ती दरवेळी साधारण त्याच उंचीवरून, त्याच वेगाने मापात पडू द्यायची. एकदा हळू आणि एकदा धबाधबा ओतली तर दाणे वेगवेगळे बसतात. माप जरा जास्त भरायचे, मग बोटाने किंवा पितळी पट्टीने बाजूला दोन-तीन टिचक्या मारायच्या. टिचक्या किती हे महत्त्वाचे नाही, दरवेळी तितक्याच हव्यात. मग वरची शीग सपाट कापायची. काही मापांना वर बिजागरीवर फिरणारे नाळके असते. ते फिरवले की शीग आपोआप कापली जाते आणि ओतायलाही तेच उपयोगी पडते. सरकत्या दांड्याच्या मापात एक खोड असते. दांड्याचा स्क्रू सैल झाला की टिचक्यांबरोबर दांडा खाली सरकतो, आणि तुम्हाला कळतही नाही की ८० चे ८५ झाले. ज्यांचा बार ठरला आहे त्यांनी एकाच आकाराचे न सरकणारे माप करून घ्यावे. नळी कापून तळ बसवून देणारा कुठलाही लेथवाला ते करून देतो. फक्त ते पितळ्याचे किंवा तांब्याचे असू द्या.

दाण्याचा आकारही लक्षात ठेवायचा. जाड दाण्याच्या दोन-एफ दारूच्या मापात बारीक तीन-एफ ओतली तर ती दाटून बसते, वजनाला थोडी जास्त भरते आणि वर जळतेही भराभर. म्हणून दाणा बदलला की बार कमी करून पुन्हा चढवत न्यायचा. .५० आणि त्यावर साधारण दोन-एफ, .४५ आणि खाली तीन-एफ, चार-एफ फक्त रंजकाला. कारखाना बदलला तरी घनता बदलते. स्विस नावाची काळी दारू गोएक्स नावाच्या दारूपेक्षा दाट असते. एकाच मापात दोघींचे वजन सारखे भरत नाही, आणि स्विस जोरालाही चढी.

इथे तराजूची गरज लागते, आणि माझ्या मते तराजूचे खरे काम हेच आहे. नवा डबा उघडला की तुमच्या नेहमीच्या मापाने, नेहमीच्या हाताने दहा बार काढा, प्रत्येक तोला, आकडे लिहून ठेवा. सरासरीवरून कळेल की ह्या डब्याची दारू मागच्यापेक्षा दाट आहे की हलकी. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ह्यांतल्या अंतरावरून कळेल की तुमचा हात किती स्थिर आहे. ही तपासणी वर्षातून एक-दोनदा, घरी, टेबलावर. मैदानावर मग फक्त माप.

तराजूबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तुम्ही तो घेतलाच आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणारा म्हणजे ०.१५ ग्रेनपर्यंत बघणारा. ह्या कामाला पुरेसा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा वजनकाटा इथे निरुपयोगी, कारण त्याचा एक टप्पाच १५ ग्रेनांचा. तरी चांगल्या तराजूवरही लोक फसतात ते एककाच्या बटणावर. ग्रॅम, ग्रेन, कॅरट, औंस एकाच बटणाने फिरत असतात आणि पडद्यावर कोपऱ्यात दोन बारीक अक्षरे दिसतात. ‘जी’ म्हणजे ग्रॅम, ‘जीएन’ म्हणजे ग्रेन. आणि ‘टीएल’ दिसले तर तो आपला तोळा समजू नका. तो बहुधा चिनी ताएल असतो, ३७ ग्रॅमच्या वरचा. माझे सांगणे असे की काटा कायम ग्रॅमवर ठेवा आणि ग्रेन कागदावर काढा: ८० ग्रेन म्हणजे ५.१८ ग्रॅम. बटण चुकले तरी आकडा ओळखीचा नाही हे लगेच जाणवते.

दुसरी फसवणूक थेंबथेंब ओतण्याची. स्वस्त काट्यांमध्ये शून्य आपोआप सांभाळणारी व्यवस्था असते. ताटलीवर फार हळूहळू काही पडत राहिले तर काटा त्याला वाऱ्याची हालचाल समजून गिळून टाकतो. तुम्ही चिमटीने एकेक दाणा टाकत बसता, आकडा हलत नाही, आणि वाटी उचलून पुन्हा ठेवली की अचानक अर्धा ग्रेन वाढलेला दिसतो. म्हणून शेवटी वाटी उचलून परत ठेवायची आणि मग वाचायचे. काटा सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे तापू द्या. वर पंखा, समोर एसी, शेजारी मोबाइल, हे सगळे बंद किंवा दूर. ५ ग्रॅमचे एक प्रमाणित वजन घेऊन ठेवा, ७७.१६ ग्रेन भरते, म्हणजे नेमके तुमच्या बाराच्या जवळपास. काटा जिथे वापरायचा तिथेच तपासायचा. २०० ग्रॅमवर बरोबर असलेला काटा ५ ग्रॅमवर बरोबर असेलच असे नाही. हे मी सराफांनाही सांगतो. ते मान डोलावतात आणि विसरतात.

वाटी धातूची घ्या, प्लास्टिकची नको. कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर विजेचा भार बसतो, बारीक दाणे कडेला चिकटतात आणि आकडाही नाचतो. टेबलावर एका वेळी लागेल तेवढीच दारू, डबा झाकण लावून दुसऱ्या खोलीत. देवघरातली समई आणि शेजारच्या खोलीतली उदबत्ती हेही विस्तवच, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगितले.

वजनालाच अंतिम सत्य मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आणि ती ठाण्यात राहणाऱ्यांना लगेच पटेल. दारूतला कोळसा हवेतले पाणी ओढतो. जुलैत घोडबंदर रोडला कपाटातले चामड्याचे बूट हिरवे होतात त्या हवेत डबा उघडा राहिला आणि दारूने समजा एक टक्का पाणी घेतले, तर तोललेल्या ८० ग्रेनांत ०.८ ग्रेन निव्वळ पाणी आहे. काटा ते प्रामाणिकपणे दारूत धरतो. वर ओली दारू जळते हळू. मापाला पाण्याचा फरक जवळजवळ कळत नाही, पण ओल्या दारूचे दाणे एकमेकांना चिकटून मापही कमी भरायला लागते. उपाय दोन्हीकडे एकच: झाकण घट्ट, छोटे डबे, आणि गुठळी झालेली दारू वापरायची नाही. ती फोडून, वाळवून पुन्हा वापरायचा उद्योग करू नये.

मग तोलूनच भरावे असे कधी? लांब पल्ल्यावर. पाचशे यार्डांच्या पुढे वेगातला थोडासा फरकही लक्ष्यावर उभ्या ओळीत उतरतो. तिथले नेमबाज घरी एकेक बार तोलून झाकणाच्या नळ्यांत भरतात आणि मैदानावर लांब पितळी नळीतून सावकाश सोडतात, म्हणजे दाणे दरवेळी सारखे दाटून बसतात. गंमत अशी की वजन इतके सांभाळल्यावर शेवटी ते पुन्हा जागेकडेच वळतात: दारू नळीत किती उंचीपर्यंत बसली, गोळी तिच्यावर किती दाबून टेकली. ठासणीची बंदूक एवढ्या लांबच्या कामाची असते का, असे कोणी विचारले तर १८७४ ची न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरची लढत सांगावी. ८००, ९०० आणि १००० यार्ड, आयरिश संघाकडे ठासणीच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या. अमेरिकन ९३४ विरुद्ध ९३१ असे जिंकले, तेही एका आयरिश नेमबाजाची अचूक गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागून तिचे गुण गेले म्हणून.

तुमच्या ५० आणि १०० यार्डांसाठी ही मेहनत करायची तर हौस म्हणून करा. मात्र आधी भरलेल्या कुप्यांची सवय लावून घ्याच, मापून भरा वा तोलून. एका कुपीत एक बार. त्याचे कारण अचूकतेपेक्षा जास्त गंभीर आहे. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत दारू कधीही ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी राखेत जिवंत असली तर नळीत गेलेली दारू पेटते, आणि वर धरलेले अर्ध्या पौंडाचे शिंग हातात फुटते. माप किंवा कुपी मधे असली तर पेटेल तो एकच बार. तोंड नळीवर न धरता, हात बाजूला ठेवून ओतायचे.

त्याच ओळीत गजावरची खूण. मोकळ्या नळीत गज सोडून तोंडाशी एक खूण करायची, ठरलेला बार आणि गोळी नीट ठासून तोंडाशी दुसरी. नंतर दरवेळी गोळी ठासल्यावर दुसरी खूण तोंडाशी आली का ते बघायचे. खूण वर राहिली तर मुख्य शक्यता दोन: गोळी दारूवर टेकलेली नाही, किंवा गप्पांच्या नादात दोनदा दारू ओतली गेली. दोन्ही प्रकारांत नळी फुगू किंवा फाटू शकते. दीड ग्रेनाच्या चुकीने ठासणीच्या बंदुकीला अपघात झाल्याचे मी ऐकलेले नाही. टेकली नसलेल्या गोळीने आणि दुहेरी बाराने झालेले ऐकले आहेत. तराजू ह्यातले काहीच पकडत नाही, गजावरची खूण पकडते.

आता मामांची बंदूक. कापलेल्या काडतुसाचे माप चुकीचे मुळीच नाही; मनापासून सांगायचे तर मला ते सरकत्या दांड्याच्या मापापेक्षा बरे वाटते, कारण त्यात हलणारे काही नाही. फक्त त्यात किती मावते हे कोणालाच माहीत नसते, आणि वडिलांपासून चालत आले आहे एवढाच त्याचा दाखला असतो. गावी जाल तेव्हा तुमचा काटा बरोबर न्या. मामांना त्यांच्या नेहमीच्या हाताने, नेहमीच्या दारूचे दहा बार त्या काडतुसात भरायला सांगा, तोला, सरासरी काढा आणि आकडा काडतुसाच्या अंगावर कोरून ठेवा. तारीख आणि दारूचे नावही कोरा. कुठे जुने इंग्रजी माप सापडले आणि त्यावर ‘ड्राम’ लिहिलेले असले तर हा ड्राम औंसाचा सोळावा भाग, २७.३४ ग्रेनांचा, तीन ड्राम म्हणजे ८२ ग्रेन. औषधवाल्यांचा जुना ड्राम ६० ग्रेनांचा असायचा. तो कोष्टकातून उचलून इथे लावला तर बार दुपटीच्या वर जातो.

छर्रे भरत असतील तर जुनी रीत चांगली आहे: ज्या मापाने दारू त्याच मापाने छर्रे. ७० च्या मापात शिशाचे छर्रे साधारण एक औंस भरतात, आणि छर्ऱ्याच्या बंदुकीला हा मेळ बहुधा मानवतो. पण मामांच्या बंदुकीला ७० मानवेल असे मी इथे बसून म्हणणार नाही. जुन्या नळीची जाडी, आतली गंजाची खळगी, मागच्या बुचाचे आटे, केप बसते त्या निप्पलचे भोक हे परवानाधारक बंदूक कारागिराने हातात घेऊन बघायचे असते. त्याने बघेपर्यंत मामा आज जेवढे भरतात त्याच्या वर जाऊ नका, काडतूस कितीही मोठे असो.

दारू मात्र परवान्यावर, अधिकृत विक्रेत्याकडचीच. घरी कुटलेली दारू बेकायदा तर आहेच, पण आजच्या प्रश्नापुरतेही तिचे वजन आणि माप ह्यांचे नाते दर खेपेला बदलते, त्यामुळे वर लिहिलेले काहीच तिला लागू होत नाही. फटाके फोडून काढलेली पूड ही तर वेगळीच वस्तू. तिच्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, ती काळ्या दारूसारखी ढकलत नाही, एकदम फुटते, आणि तिला कुठलेही माप नाही. आणि अमेरिकेतून येताना पायरोडेक्सचा डबा बॅगेत टाकायचा विचार मनात असेल तर तो तिथेच सोडून या. विमानात नाही, कोकण रेल्वेतही नाही.

पेनसिल्व्हेनियाला पुन्हा जाल तेव्हा सहकाऱ्याच्या त्याच मापाने, त्याच ८० वर सुरुवात करा. पायरोडेक्सऐवजी दुसरा डबा त्याने उघडला तर भरण्याआधी डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचून काढा: मापाला माप, की १५ टक्के कमी, की आणखी काही. तराजू न्यायचा असेल तर न्या, संध्याकाळी खोलीवर दहा बार तोलून तुमच्या हाताचा फरक किती येतो ते मला कळवा. दोन ग्रेनांच्या आत आला तर तराजू तुमच्या आईला द्यायला हरकत नाही. केशर तोलायला तो उत्तम आहे, फक्त वाटी नवी घ्या.